होंकी टोंक, १९५६

आमच्या घरात पत्र्याच्या पेटीत एक काळा तुकडा आहे. बोटाएवढा लांब, एका अंगानं तिरपा उतरत गेलेला. उतरत्या बाजूवर दातांची खाच पडलीय, बोट फिरवलं की लागते. सॅक्सोफोनचं तोंड आहे ते. बँडवाले माऊथपीस म्हणतात. आज्यानं तो स्वतःच्या पैशानं घेतला म्हणून घरात राहिला. बाकीचा सॅक्सोफोन बँडपार्टीच्या मालकाचा. लगीनसराई संपली की पुसून, कापडात गुंडाळून मालकाच्या घरी जमा करायचा. पुढं डीजे आला, बँड मोडला, वाद्यं विकली गेली. खाच तेवढी आमच्याकडं राहिली.

मी लातूरला डाळमिलमध्ये कामाला आहे. तूर रोलवर घासायची, तेल लावायचं, वाळवायची, भरडायची, चाळायची. चुनीचा धुरळा नाकात, घशात. मशीनच्या आवाजात माणूस माणसाशी ओरडूनच बोलतो. अशा ओरडण्यातच दोन वर्षांमागं माझं आणि एका दोस्ताचं जुंपलं. चौदा एप्रिल जवळ आली होती. मी म्हणालो, डीजे नको, बँड लावू, आपल्यातलेच वाजवणारे आहेत. तो म्हणाला, "बाबासाहेबांनी सोडा म्हनून सांगितलं आन् तू परत गळ्यात अडकवायलास? वाजवनं म्हंजे बलुतं. तुमी मांगांनी हलगी सोडली न्हाई म्हनून मागं राह्यलात."

लागलं. लागलं कारण त्यातलं अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं काय, ते त्या वेळी तोंडातून निघालं नाही. शाळा दहावीपर्यंत, बाकीचं वाचून-ऐकून गोळा केलेलं. ते उरलेलं अर्धं मला सापडलं एका अमेरिकन तबकडीत. हसू नका. रात्रपाळीला मोबाईलवर सॅक्सोफोन शोधत होतो, आज्याचं वाद्य एकट्यानं वाजताना कसं लागतं ते ऐकायला. त्यात ती भेटली.

तबकडीचं नाव 'होंकी टोंक'. म्हणजे स्वस्त दारूचा, नाचगाण्याचा अड्डा. शब्द नाहीत, नुसतं वाजवणं. बिल डॉगेट नावाच्या फिलाडेल्फियाच्या काळ्या ऑर्गनवाल्याची ही टोळी. गिटारवर बिली बटलर, ड्रमवर शेप शेफर्ड, सॅक्सोफोनवर टेक्ससच्या सॅन अँटोनियो गावचा क्लिफर्ड स्कॉट. ओहायो राज्यातल्या लिमा गावात नाचाच्या रात्री वाजवता वाजवता बटलरनं गिटारवर एक चाल धरली, बाकीचे मागून शिरले. कागदावर काही नव्हतं. लोकांनी पुन्हा पुन्हा वाजवायला लावलं. जून १९५६ मध्ये न्यूयॉर्कला ती चाल किंग कंपनीसाठी मुद्रित केली. एका बाजूत मावेना म्हणून दोन तुकडे केले. पहिल्या बाजूला गिटार, दुसऱ्या बाजूला सॅक्सोफोन. लोकांनी डोक्यावर घेतली ती दुसरी बाजू. रॉक अँड रोलच्या त्या पहिल्या वर्षांत सॅक्सोफोन शिकणाऱ्या प्रत्येक पोराला स्कॉटचा तो तुकडा पाठ यावा लागायचा.

ऐकताना मला एक गोष्ट दिसली. टोळीचा म्होरक्या डॉगेट, पण त्याचा ऑर्गन मागं बसलाय. नुसता टेका देतोय. पुढं येतात ते गिटारवाला आणि सॅक्सोफोनवाला. आणि तबकडीवर रचनाकार म्हणून चौघांची नावं छापली: डॉगेट, स्कॉट, बटलर, शेफर्ड. मी ही नावं वाचली आणि मला आज्याच्या बँडचा मोठा ढोल आठवला. त्या ढोलावर रंगानं एकच नाव लिहिलेलं असायचं. मालकाचं. वाजवणारे वीस, नाव एक.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेत काय स्वर्ग होता का? नव्हता. किंग कंपनीचा मालक सिड नेथन गोराच होता. त्याच्याकडं काळे-गोरे एका कारखान्यात काम करायचे, हेन्री ग्लोवरसारखा काळा माणूस मोठ्या जागेवर होता, हे खरं. पण कंपनी ती कंपनीच. आणि देशात पाणवठे वेगळे तसे गाण्यांचे पाणवठेही वेगळे होते. खपाच्या याद्या छापणारं 'बिलबोर्ड' साप्ताहिक काळ्यांच्या तबकड्यांची यादी वेगळी छापायचं. नाव काय, तर 'रेस रेकॉर्ड्स'. म्हणजे जातीच्या तबकड्या. १९४९ मध्ये लाज वाटली असेल, नाव बदलून 'ऱ्हिदम अँड ब्लूज' केलं. यादी वेगळीच ठेवली. वस्तीचं नाव बदललं, वस्ती गावाबाहेरच. 'होंकी टोंक' त्या वेगळ्या यादीत तीन महिन्यांच्या आसपास पहिल्या जागेवर राहिली, आणि सगळ्यांच्या यादीत शिरून दुसऱ्या जागेवर पोचली. दहा लाखांवर खपली. पहिल्या जागेवर त्या ऑगस्टपासून एल्विस प्रेस्ली ठाण मांडून होता. त्याच्या तबकडीची एक बाजू 'हाउंड डॉग'. तेच गाणं १९५३ मध्ये बिग मामा थॉर्नटन या काळ्या बाईनं गाजवलेलं. बाईच्या वाट्याला काय आलं आणि त्याच्या वाट्याला काय, हे गावकुसाबाहेरच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

पण मला धक्का बसला तो तारखांनी. १९५६ चा ऑक्टोबर. तिकडं अलाबामातल्या माँटगोमेरीच्या काळ्या बायाबापड्या आधीच्या डिसेंबरपासून बसवर बहिष्कार टाकून पायी कामाला जात होत्या, आणि काळ्यांच्या वस्तीतल्या खोक्यांमधून स्कॉटचा सॅक्सोफोन वाजत होता. इकडं १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना दीक्षा दिली. अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, आमचा मराठवाडा हैदराबाद राज्यातून सुटून मुंबई राज्यात आला. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. २० डिसेंबरला माँटगोमेरीचा बहिष्कार जिंकून संपला. एका वर्षाच्या अखेरीत हे सगळं. बाबासाहेबांना त्या लोकांची माहिती होतीच. कोलंबिया विद्यापीठात ते शिकले, हार्लेमची काळी वस्ती तिथून लागूनच. १९४६ मध्ये त्यांनी डु बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागितली होती.

आपल्या साहित्यिकांनी हा धागा पुढं धरला. १९७२ मध्ये मुंबईत पँथर झाली, नाव तिकडून घेतलं. आमच्या लातूरच्या शाहू कॉलेजचे प्राचार्य राहिलेले, पुढं नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले जनार्दन वाघमारे यांनी 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हे पुस्तक लिहिलं. काळ्यांची कविता आली, कादंबरी आली, घोषणा आली. पण त्यांचं वाजवणं कुणी आणलं नाही. कारण उघड आहे. वाजवण्याची आपल्याला लाज वाटत होती.

म्हणून हे वाद्य कुठून आलं ते बघू. बेल्जियमचा अडॉल्फ सॅक्स. १८४६ मध्ये त्यानं पॅरिसला पेटंट घेतलं. पितळी अंग, पण आवाज काढते ती वेताची पातळ पट्टी. त्यामुळं पितळी भोंग्याचा जोर आणि सनई-क्लॅरिनेटची लवचिकता एका नळीत आली. त्यानं हे केलं पलटणीच्या बँडसाठी. राजाच्या सैन्यापुढं वाजायला. म्हणजे जन्मानं हे हुकुमाचं वाद्य.

काळ्यांच्या हातात आल्यावर त्याचा हुकूम मोडला. १९४२ मध्ये इलिनॉय जॅकेट नावाच्या पोरगेल्या वादकानं लायोनेल हॅम्प्टनच्या 'फ्लाइंग होम' या तबकडीत एक तुकडा वाजवला. त्यात तो एका सुरावर येऊन थांबतो आणि तोच सूर भकाभका फुंकत राहतो. तिथून पुढं अशी वाजवणाऱ्यांची फळीच उभी राहिली. त्यांना 'होंकर' म्हणत. आपल्या भाषेत भोंगेवाले. नांदेडात उस्मानशाही मिलचा भोंगा ज्यांनी ऐकलाय त्यांना हा शब्द पटेल. बिग जे मॅकनीली हा त्यांतला मोठा. १९४९ मध्ये त्याची 'डीकन्स हॉप' त्या वेगळ्या यादीत वरच्या टोकाला होती. रंगमंचावर पाठीवर आडवा पडून, पाय झाडत तो वाजवायचा. शिकलेले संगीतकार नाक मुरडायचे. हे काय संगीत? एकच सूर? आमच्या हलगीबद्दल हेच म्हणतात. एकच कातडं, त्यात काय संगीत. अरे, त्या एका कातड्याला जाळावर तापवून किती बोलायला लावतात ते जवळ उभं राहून ऐक की.

इकडं बँड इंग्रजांच्या पलटणींबरोबर आला. संस्थानिकांनी नक्कल केली, मग सावकार-पाटलांच्या वराती त्याच्यामागून निघाल्या. मेरठमध्ये वाद्यं घडवणारे कारखाने उभे राहिले. मुंबईत मात्र सॅक्सोफोनला दुसरी वाट होती. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या काळ्या व्हायोलिनवाल्याचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्यांच्या आणि मागून आलेल्यांच्या संगतीत गोव्याची पोरं हे वाजवणं शिकली. तीच पोरं सिनेमात गेली. हळदोण्याचा चिक चॉकलेट ट्रंपेट घेऊन १९५१ च्या 'अलबेला'त पडद्यावरच दिसतो. तो चित्रपट भगवानदादांचा, गिरणी कामगाराच्या मुलाचा. संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं. त्याच सी. रामचंद्रांनी १९५७ मध्ये 'आशा'त 'ईना मीना डीका' केलं. 'होंकी टोंक'नंतर एका वर्षात रॉक अँड रोल असं आपल्या गल्लीत आलं. सांगतात की त्यातलं 'मका नका' त्यांचे गोव्याचे साहाय्यक जॉन गोम्स यांनी घातलं. कोकणीत 'मला नको'. सगळा देश 'मला नको' म्हणत नाचला. त्याच काळात केसकर नावाचे मराठी मंत्री आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हटवून बसले होते. लोकांनी सरळ काटा फिरवला आणि सिलोन लावलं.

वाजवणाऱ्यांची नावं मात्र कुणी ऐकली नाहीत. मनोहारी सिंग घ्या. कलकत्त्याकडचा नेपाळी घरातला माणूस, बाटा कंपनीच्या बँडमध्ये शिकला. बुटाच्या कारखान्याचा बँड! चांभारकीच्या धंद्यात पैसा असला की बँड निघतो, चांभाराच्या घरात मात्र निघत नाही. १९५८ मध्ये तो मुंबईला आला. शम्मी कपूरच्या 'काश्मीर की कली'त 'है दुनिया उसी की' या गाण्यात जो सॅक्सोफोन रडतो तो त्याचा. तबकडीवर गायक, गीतकार, संगीतकार. सॅक्सोफोनवाला नाही. आमच्या आज्यानं ते गाणं नांदेडच्या रस्त्यावर शेकडो वेळा वाजवलं. ज्याची नक्कल करतोय त्याचं नाव आज्याला माहीत नव्हतं, आणि आज्याचं नाव वरातीला माहीत नव्हतं.

आजा आता ऐंशीला टेकलाय. १९५६ मध्ये नऊ-दहा वर्षांचा होता. त्याचा बाप सनई वाजवायचा, चुलता हलगी. पोळ्याला, लग्नाला, देवाच्या पालखीला. मोबदला म्हणजे खळ्यावरचं धान्य आणि लग्नातलं उरलंसुरलं. सनईत एक माणूस नुसता सूर धरतो. गाल फुगवून नाकानं श्वास घ्यायचा आणि सूर तुटू द्यायचा नाही. आज्याला लहानपणी तेच काम. सूर तुटला की पाठीत बसायची.

त्या साली महारवाड्यातले चार-पाच जण नागपूरला जाऊन आले. आल्यावर देव काढले, मेलेलं ढोर ओढणं बंद केलं. गाव चिडलं. मग गाव आमच्या वस्तीवर आलं. आजा सांगतो, "पाटील म्हनला, त्येंनी सोडलं ते आता तुमी करायचं. आमच्या बापानं सनई खाली ठिवली न्हाई, पर ढोराला हात बी लावला न्हाई. तीन म्हैने धान्य बंद." माझ्या दोस्ताला मला हे सांगायचं होतं. महारांनी सोडलं म्हणून महार पुढं आणि मांगांनी सोडलं नाही म्हणून मांग मागं, एवढं ते सरळ नाही. सोडणाऱ्याची किंमत कधीकधी न सोडणाऱ्याकडून वसूल झाली. आणि न सोडणाऱ्यानंही काय सोडलं, काय धरलं, याचा हिशोब कुणी मांडला नाही.

विशीच्या आत आजा गाव सोडून नांदेडला आला. बँडपार्टीत आधी झांजा, मग क्लॅरिनेट, मग सॅक्सोफोन. सनईच्या घरातला म्हणून फुंक तयार होती, चाव्या मास्तरनं शिकवल्या. अंगावर सोनेरी झालरीचा कोट. पहिल्यांदा रोख मजुरी. गावात सनई वाजवणाऱ्याला नुसती हाळी मारायचे, इथं सुपारी देऊन बोलवायचे. हा फरक लहान नाही. सुपारी नाकारता येते, बलुतं नाकारता येत नाही. पण कोट काढला की तेच. एका गावातल्या लग्नाचं आजा नेहमी सांगतो. वरात लागली, नवरदेवाच्या बापानं पाठ थोपटली, 'सॅक्सोवाल्याला बक्षीस द्या' म्हणाला. जेवायच्या वेळी बँडवाल्यांना गोठ्याजवळ बसवलं आणि वरून वाढलं. झालरीचा कोट आणि वरून पडणारी बुंदी.

१९७८ मध्ये आजा नांदेडातच होता. २७ जुलैला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांना मारलं. त्यांनी 'जयभीम' सोडलं नाही. पोचीराम मातंग होते, हलगीवाल्यांच्या समाजातले. दोस्ता, हे नाव तुझ्या भाषणात येतं, जात येत नाही. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला, सोळा वर्षांनी. आणि हे सगळं जुनं झालं असंही नाही. १ जून २०२३ ला, नांदेडला लागून असलेल्या बोंढार हवेलीत, ज्या गावात भीमजयंती साजरी झाली होती, तिथं एका वरातीच्या वेळी चोवीस वर्षांच्या बौद्ध पोराला भोसकून मारलं. रस्त्यावर कुणी वाजवायचं, कुणी नाचायचं, कुणाच्या नावानं, हा प्रश्न आपल्याकडं संगीताचा कधीच नव्हता. म्हणून मला वाटतं, वाजवणं सोडून तो सुटत नाही. तुम्ही गप्प बसलात की रस्ता दुसऱ्याच्या आवाजाला मोकळा होतो. डीजेही दुसऱ्याचाच आवाज आहे, भाड्यानं आणलेला. त्यात आपल्या एका माणसाची फुंक नाही, एका माणसाला मजुरी नाही.

काळ्यांनी हुकुमाचं वाद्य घेतलं आणि त्यावर भोंगा वाजवला. मालक तोच राहिला असेल, यादी वेगळी राहिली असेल, पण चौघांची नावं तबकडीवर चढली. आमच्याकडं सोडणं आणि धरणं, दोन्ही झालं. नाव चढवणं राहिलं.

मागच्या दिवाळीत गावाकडं गेलो तेव्हा आज्याला 'होंकी टोंक' ऐकवली. त्याला कमी ऐकू येतं, मोबाईल कानाला लावून दिला. पहिली बाजू त्यानं तोंड वाकडं करून ऐकली. दुसरी बाजू लागली तसा गप्प झाला. वाकळेवर बोटं चालायला लागली, चाव्या दाबल्यासारखी. संपल्यावर म्हणाला, "ह्यो सनईवानी वाजवीना झालाय. हलगीवानी वाजवायलाय. फुकतोय, पर कातडं बडवल्यावानी."

एवढ्या पुस्तकांत मला जे सापडलं नाही ते म्हाताऱ्यानं तीन मिनिटांत सांगितलं.

"फुकनाऱ्याचं नाव काय?"

"क्लिफर्ड स्कॉट."

"कोन जातीचा?"

"काळा. गुलामांच्या पोटचा."

आजा थोडा वेळ मोबाईलकडं बघत राहिला. मग विचारलं, "मंग हेला जेवाया कुटं बसवीत व्हते?"

मी सांगितलं, त्या काळात दक्षिणेकडच्या हॉटेलांत काळ्यांना मागच्या दारानं, स्वयंपाकघरातून आत घ्यायचे. ज्या हॉटेलात वाजवलं तिथं झोपायला खोली मिळायची नाही. १९६४ च्या कायद्यानं ते बंद केलं.

"वाडायचे कसे? वरून?"

मला हसू आलं, त्याला नाही आलं. पेटीकडं हात केला. मी माऊथपीस काढून दिला. त्यानं दात नसलेल्या हिरडीत तो धरून बघितला, खाच कुठं बसते ते चाचपलं आणि परत माझ्या हातात दिला.

"लाव परत," म्हणाला. "दुसरी बाजू लाव."